आईचं शिक्षण, वय, कितवी खेप: बाळाच्या वजनाशी या रकान्यांचा संबंध काय?

टिपणवही

मी एका रुग्णालयाच्या प्रसूती विभागात नोंदणीचं काम करते. बाळाचं वजन, जन्मवेळ, किती आठवड्यांचं, मुलगा की मुलगी हे लेबर रूममधून लिहून येतं. बाकीचे रकाने मी बाळंतिणीशी किंवा तिच्यासोबतच्या माणसाशी बोलून भरते: आईचं वय, शिक्षण, व्यवसाय, कितवी खेप, आधीचं मूल केवढं आहे, आधी एखादं मूल दगावलंय का.

परवा एका बाईचं बाळ १,७०० ग्रॅमचं झालं आणि लगेच आत, अतिदक्षता विभागात नेलं. मी फॉर्म भरायला बसले. तिनं सगळी उत्तरं दिली, पण "शाळा कितवीपर्यंत?" म्हटल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सातवीत सोडली. त्याचा आणि माझं बाळ आत ठेवलंय त्याचा काय संबंध?" मला उत्तर देता आलं नाही. बाळ तिच्यामुळे असं झालं, असं मी तिला सुचवतेय असं तिला वाटलं असणार.

इथं वैद्यकीय क्षेत्रातली बरीच मंडळी लिहितात, म्हणून विचारते. या गोष्टींचा बाळावर खरंच परिणाम होतो का, की फॉर्म छापलाय म्हणून आपण भरतो? आणि कुणी असं विचारलं तर काय सांगावं? विभागात विचारलं तर "डेटा लागतो" एवढंच कळलं.

रातपाळी

मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. संबंध आहे. आणि त्यात त्या बाईचा दोष नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वजनाचं. २,५०० ग्रॅमच्या आतलं बाळ कमी वजनाचं आणि ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत आलेलं बाळ कमी दिवसांचं, हे तुम्हाला माहीत असेल. जगात २०२० साली सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं कमी दिवसांची जन्मली, म्हणजे दहातलं एक. पण नुसतं "१,७०० ग्रॅम" ऐकून मला काही कळत नाही. ते बाळ ३२ आठवड्यांचं असेल तर त्याची वाढ वेळेनुसारच झालीय, ते फक्त लवकर आलंय. त्याची फुप्फुसं कच्ची असतील, चोखता येणार नाही. तेच बाळ ३८ आठवड्यांचं असेल तर पोटात त्याला पुरेसं मिळालेलं नाही. त्याचा श्वास बहुधा ठीक असेल, पण साखर उतरेल, अंग गार पडेल. पहिल्याच्या मागे जंतुसंसर्ग असेल, जुळं असेल, गर्भपिशवीचं तोंड लवकर उघडलं असेल. दुसऱ्याच्या मागे आईचा वाढलेला रक्तदाब, तिचं स्वतःचं कुपोषण, तंबाखू, मलेरिया. लवकर बाळंत करावं लागलं ते रक्तदाबामुळेच, असंही पुष्कळदा होतं, म्हणजे कारणं एकमेकांत मिसळतात. तरी आठवड्यांचा रकाना रिकामा असेल तर बाकीच्या सगळ्या रकान्यांचं मोल निम्म्यावर येतं.

आता शिक्षण. शाळेचं वर्ष काही नाळेतून बाळापर्यंत पोचत नाही. पोचतं ते त्यामागून येणारं: पहिली तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली की सातव्या, रक्तदाब कुणी मोजला का, "डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे येतात" असं ती म्हणाली तेव्हा घरात कुणी ते ऐकलं का, आणि डॉक्टर काही बोलले तर "म्हणजे काय?" असं परत विचारायची हिंमत तिला झाली का. जॉन कॉल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञानं १९७९ साली नायजेरियातल्या आकडेवारीवरून हेच मांडलं. वडिलांचा व्यवसाय, राहण्याची जागा यांचा हिशेब वेगळा काढला तरी आईच्या शाळेचा फरक उरतोच, असं त्याला दिसलं. पुढे २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७५ देशांचा अभ्यास आला. १९७० च्या तुलनेत २००९ साली पाच वर्षांखालच्या मुलांचे ८२ लाख मृत्यू टळले, आणि त्यातल्या निम्म्यांचं श्रेय त्या अभ्यासानं बायकांच्या वाढलेल्या शिक्षणाला दिलं.

मी रात्री दाखल होणाऱ्या बायकांच्या सोबतच्या माणसांना दोन प्रश्न विचारायचे: त्रास कधी सुरू झाला, आणि निघायचं कुणी ठरवलं. पहिल्या उत्तरापेक्षा दुसरं मला जास्त सांगायचं. "तिनं सांगितलं आणि निघालो" म्हणणारी माणसं आणि "हे कामावरून यायची वाट बघत होतो" म्हणणारी माणसं यांच्यात चार-पाच तासांचं अंतर असायचं. पाणमोट फुटून इतके तास गेले तर संसर्गाची भीती वाढते, बाळाचे ठोके उतरले असतील तर एवढ्या वेळात मेंदूला इजा होऊ शकते. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोघींनी मातामृत्यूंबद्दल लिहिताना या उशिराचे तीन भाग केले होते: ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. बाळांनाही हे तिन्ही तसेच लागू पडतात. तिसरा उशीर तर पूर्णपणे आमच्या बाजूचा. तुमचा शिक्षणाचा रकाना प्रामुख्यानं पहिल्याबद्दल काहीतरी सांगतो. आईला अक्कल किती हे तो सांगत नाही. घरात तिच्या शब्दाला किती वजन आहे, याचा तो अंदाज आहे, तोही ढोबळ.

वयाचं थोडक्यात. विशीच्या आतली आई स्वतः अजून वाढत असते, तिच्यात रक्तदाब वाढून झटके येण्याचं आणि कमी दिवसांच्या बाळाचं प्रमाण जास्त. पस्तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, गुणसूत्रांचे दोष वाढतात.

दोन बाळंतपणांतलं अंतर मात्र नीट विचारत जा. "मोठा केवढा?" एवढ्यावर थांबू नका, मध्ये गर्भपात झाला होता का तेही विचारा. जिवंत बाळ झाल्यावर पुढचे दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या अंगातलं लोह आणि फोलेट हे जीवनसत्त्व भरून यायला वेळ लागतो, आणि वरचं मूल अजून अंगावर पीत असतं. पण इथंही विचार करा: अंतर ठेवणं तिच्या हातात होतं का? साधनं मिळत होती का, नवरा ऐकत होता का?

आणि तुम्हाला एक कळकळीची विनंती. व्यवसायाच्या रकान्यात सरसकट "गृहिणी" लिहू नका. दिवसभर उभं राहून काम, जड उचलणं, रात्रपाळी, धुरात किंवा रसायनांत काम, यांचा कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. सोबतचा माणूस "घरीच असते" म्हणतो. तिलाच विचारा, "दिवसभरात काय काय करता?" शेवटच्या आठवड्यापर्यंत डोक्यावर ओझं वाहणारी बाई कागदावर गृहिणी होते, आणि मग आपणच म्हणत बसतो की कारण सापडलं नाही.

समास

सिस्टरांनी लिहिलंय त्याला जोडून. मी आरोग्याच्या आकडेवारीवर काम करतो. खूण आणि कारण यांत फरक कसा करतात ते सांगतो, कारण "आई कमी शिकलेली म्हणून बाळ कमी वजनाचं" हे वाक्य तिथंच घसरतं.

कुमारवयीन मातांचं उदाहरण घ्या. त्यांच्या बाळांची वजनं कमी दिसतात हे खरं. पण नव्वदच्या दशकात अर्लीन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन यांनी अमेरिकेत सख्ख्या बहिणींची तुलना केली, एक कमी वयात आई झालेली, दुसरी उशिरा. घर एकच, गरिबी एकच. फरक बराचसा आटला. म्हणजे वयावर टाकलेला दोष मोठ्या प्रमाणात घरच्या परिस्थितीचा होता. अंतराचंही तसंच. २०१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नोंदींवरून एकाच आईच्या निरनिराळ्या बाळंतपणांची तुलना झाली, तेव्हा कमी अंतराचा परिणाम आधी वाटत होता त्याहून खूपच लहान निघाला. (२४ महिन्यांचा सल्ला त्यामुळे चुकीचा ठरत नाही. आईच्या तब्येतीसाठी आणि वरच्या मुलासाठी तो आहेच.)

शिक्षणाची परीक्षा याहून कठीण, कारण शिकलेल्या बायका बहुधा बऱ्या घरांतल्याही असतात. तैवाननं १९६८ साली सक्तीचं शिक्षण सहावरून नऊ वर्षांवर नेलं आणि त्यासाठी भराभर शाळा काढल्या. ज्या भागांत जास्त शाळा निघाल्या तिथल्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांच्या बाळांत कमी वजनाचं प्रमाण आणि बालमृत्यू दोन्ही घटलेले दिसले. उलट कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये शाळेत प्रवेशासाठीच्या जन्मतारखेच्या नियमामुळे काही मुलींना थोडी जास्त शाळा मिळाली, तिथं बाळांच्या तब्येतीत जवळपास काहीच फरक पडला नाही. मी यातून असं समजतो की शाळेचं एक जास्तीचं वर्ष मुलीचं पुढचं आयुष्य किती बदलतं, यावर सगळं ठरतं. जिथं त्यानं काहीच बदलत नाही तिथं बाळापर्यंतही काही पोचत नाही.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका अभ्यास १९९७ चा, रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांचा. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदींवरून त्यांनी तीन गटांची सरासरी वजनं काढली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बायकांची बाळं ३,४४६ ग्रॅम. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या बायकांची ३,३३३. अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या बायकांची ३,०८९. वंशातच काही असतं तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सर्वांत लहान हवी होती, पण ती गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ होती. बाई ज्या समाजात लहानाची मोठी होते, तिथं तिला जन्मभर जी वागणूक मिळते, ती तिच्या बाळाच्या वजनात उतरते असं मी मानतो. शिक्षण आणि उत्पन्न सारखं धरून पाहिलं तरी अमेरिकेतली ही दरी बुजत नाही.

आणि हो, या नोंदी नुसत्या साठवायच्या नसतात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यांवर न थांबता पैसे कापणारी यंत्रणा आली, गाड्यांची रांग आणि धूर कमी झाला, आणि नाक्यालगत राहणाऱ्या आयांमध्ये कमी दिवसांची बाळं सुमारे दहा टक्क्यांनी घटली. हे कळलं ते कुणीतरी आईचा पत्ता, आठवडे आणि वजन नीट लिहून ठेवलं होतं म्हणून.

एकतीस_आठवडे

मी डॉक्टर नाही. पदव्युत्तर शिकलेले, नोकरी करणारी, घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नाही, सगळ्या तपासण्या वेळेवर. तरी माझी मुलगी ३१ व्या आठवड्यात आली. कारण सापडलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण मीच काहीतरी केलं असणार असं धरून विचारायचा: प्रवास केलास का, जिना चढलीस का, फार ताण घेतलास का. तुमच्या त्या बाईला काय वाटलं असेल ते मला कळतं.

मला एवढंच सांगायचंय की वरच्या सगळ्या गोष्टी हजारो आयांबद्दल आहेत. एका आईला तिच्या एका बाळाबद्दल त्यातून उत्तर मिळत नाही, आणि ते तिला सांगायला हवं. मला एका सिस्टरनं सांगितलं होतं, "हे तुम्ही केलेलं नाही. आता पुढे काय करायचं ते बघू." त्याचा मला फार आधार झाला.

शिक्षणाचा आणि परिस्थितीचा फरक मी पाहिला तो बाळ झाल्यावर. आम्हाला कांगारू केअर द्यायला सांगितलं होतं, बाळ उघड्या छातीशी धरून तासन्‌तास बसायचं. मला पगारी रजा होती. नवरा सुट्टी काढू शकत होता. मी दिवसातले आठ-आठ तास बसले. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ माझ्या मुलीपेक्षा ग्रॅमभरानंही जास्त नव्हतं. तिचा मोठा मुलगा तीन वर्षांचा, घरी त्याला सांभाळायला कुणी नाही. ती सकाळी दूध काढून ठेवायची आणि निघायची. तिला माझ्याइतकंच कळत होतं, माझ्याइतकीच काळजी होती. ती दाराशी थांबून मागे वळून बघायची ते मी विसरू शकत नाही.

टिपणवही

तिघांचेही मनापासून आभार. एकतीस_आठवडे, तुम्ही लिहिलेलं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मोठ्या मुलाला घरी कोण सांभाळतं, हा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाहीच.

सिस्टर, अजून थोडं विचारते. कांगारू केअर आईनंच द्यायला लागते का? आणि दोन अडचणी रोजच्या आहेत. काही बाळं जन्मल्यावर एखादा श्वास घेतात आणि जातात, त्यांचा कागद कधी "मृत जन्म" म्हणून येतो, कधी "जिवंत जन्म". आणि बऱ्याच जणींना शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही, तेव्हा आठवडे कसे लिहायचे?

रातपाळी

एकतीस_आठवडे यांनी जे पाहिलं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय, आणि माझा राग त्याच ठिकाणी साठलाय. कांगारू केअर ही १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात डॉ. एद्गार रे यांनी सुरू केली, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी आणि संसर्ग फार म्हणून. २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १,००० ते १,८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच छातीशी धरलं, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. यात महागडं यंत्र काही नाही. लागते ती माणसाची छाती आणि मोकळा वेळ. आईच हवी असं मुळीच नाही. वडील, मावशी, आजी, कुणीही निरोगी माणूस चालतं. त्या चाचणीतही आईच्या जोडीला घरातलं दुसरं माणूस असायचं. म्हणून बाळ आत गेलं की पहिल्याच दिवशी विचारा, "तुमच्याशिवाय आणखी कोण बसू शकेल? घरी मोठ्याजवळ कोण आहे?" रकाना नसेल तर समासात लिहा आणि आतल्या सिस्टरच्या कानावर घाला. बाळाच्या वडिलांना आत येऊ देत नसतील तर त्याबद्दल आवाज उठवा. बाप बाहेरच्या बाकावर दिवस काढतो आणि आत बाळाला छाती मिळत नाही, याला काही अर्थ नाही.

तुम्ही मुलगा-मुलगी लिहिता त्याबद्दलही एक. मुलगे जन्मतः जरा नाजूक असतात, पहिल्या महिन्यात जगात बहुतेक ठिकाणी तेच जास्त दगावतात. एखाद्या ठिकाणी मुलींचे मृत्यू बरोबरीला किंवा पुढे गेलेले दिसले, तर मुलींना उशिरा आणलं जातंय किंवा लवकर घरी नेलं जातंय का, हे तपासायला हवं. उपचार अर्धे सोडून नेलेल्या बाळांची नोंद म्हणून वेगळी ठेवा.

श्वास घेऊन गेलेलं बाळ हे जिवंत जन्मलेलं बाळ. बाहेर आल्यावर श्वास घेतला, हृदयाचे ठोके पडले, नाळ उडत होती किंवा हातपाय स्पष्ट हलले, यातलं एकही असेल तर तो जिवंत जन्म, मग आठवडे कितीही असोत. हा निर्णय तुमचा नाही, बाळंतपण करणाऱ्यांचा आहे, पण कागदावर "मृत जन्म" आणि खाली श्वासाची नोंद असं दिसलं तर कागद परत पाठवा. नाहीतर त्या बाळाचा मृत्यू नवजात मृत्यूंत मोजलाच जात नाही, आणि ज्या विभागात जन्मल्यावर श्वास द्यायला पिशवी-मास्क किंवा शिकलेला हात कमी पडतोय, तो आकड्यांत चांगला दिसत राहतो. आईच्या दृष्टीनंही ते बाळ जगून गेलेलं असतं, तिला तशी नोंद हवी असते.

पाळीच्या तारखेचं. आधी पहिल्या सोनोग्राफीचा कागद मागा. ती चौदा आठवड्यांच्या आत झाली असेल तर तिच्यावरून काढलेले दिवस सर्वांत भरवशाचे, सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, कारण तेव्हा बाळं आपापल्या गतीनं वाढलेली असतात आणि खुरटलेलं बाळ नुसतं लहान दिवसांचं वाटतं. कागद नसेल तर तारीख न विचारता एखाद्या सणाच्या, लग्नाच्या किंवा घरातल्या ठळक दिवसाच्या आधी की नंतर असं विचारा, बायकांना ते बरोबर आठवतं. तेही नसेल तर बाळाची तपासणी करून डॉक्टर अंदाज देतात, त्वचा, कान, तळव्यांवरच्या रेघा, अंगातली ताकद पाहून. जो आकडा लिहाल त्याच्यापुढे तो कशावरून आला तेही लिहा: पाळी, सोनोग्राफी की तपासणी. वजनावरून आठवडे मात्र कधीही लिहू नका.